वडिलांच्या लाइन बॉक्समधले लुई लामूर : ठेवू की रद्दीत देऊ?

ब्रेकव्हॅन :
मंडळी, भुसावळचं घर आवरायला काढलंय. वडील मालगाडीचे गार्ड होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. माळ्यावर त्यांची लाइन बॉक्स सापडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गार्डाची पेटी. त्यात लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, रुळावर लावायचे फटाके, शिट्टी असा संसार असतो. या पेटीत यातलं काही नव्हतं. होती ती लुई लामूर या अमेरिकन लेखकाची काउबॉयच्या गोष्टींची एकेचाळीस पुस्तकं. पानं पिवळी, काहींवर लायब्ररीचे शिक्के (परत केली नाहीत, हे उघड आहे), आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीनं नोंद. उदा. 'बोदवड लूप लाइन, ३ तास १० मि. पुस्तक बरे.' गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकली की पुढच्या चार गाड्या जाईपर्यंत ब्रेकव्हॅनमध्ये, गार्डाच्या शेवटच्या डब्यात, एकटा माणूस करणार काय?

मी यातली दोन वाचली. पहिलं कंटाळत संपवलं. दुसरं रात्री दोनपर्यंत खाली ठेवता आलं नाही. प्रश्न असे : (१) यात आपल्या वडलांच्या पिढीला एवढं काय सापडलं? माझ्या वडलांनी घोडा फक्त वरातीत पाहिला होता. (२) आज कोणी वाचतं का? (३) ठेवू की देऊन टाकू? बायको तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघतेय.

टवाळकाका :
भुसावळात रद्दीचा भाव काय चाललाय सध्या? ;)

बोरीबंदर :
काका, तुम्हाला पाप लागेल.

ब्रेकव्हॅन, धाग्याबद्दल आधी आभार. आमच्या गिरगावातल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत खालच्या फळीवर 'काउबॉय' असा स्वतंत्र खण होता. लायब्ररीवाले काका लेखकाचं नाव 'लामर' म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायचो. पुढे कॉलेजात फ्रेंच घेतलेल्या एका मुलीनं हातातलं पुस्तक बघून भुवया उंचावल्या, तेव्हा कळलं की 'लामूर' म्हणजे प्रेम. तिला वाटलं मी प्रेमकथा वाचतोय. तिचा गैरसमज मी मुद्दाम दूर केला नाही.

पुस्तक बारीक, पँटच्या मागच्या खिशात मावायचं. फोर्टातल्या फुटपाथवर तीन घेतली की चौथं घासाघीस करून मिळायचं. चर्चगेट ते विरार एका फेरीत अर्धं होई. उभ्यानं.

पिंपळपान :
नावाचा घोळ मुळातलाच आहे. जन्मनाव लुई डिअरबॉर्न लामूर, पण स्पेलिंग वेगळं, इंग्रजी वळणाचं. फ्रेंच वळणाचं त्यांनी नंतर घेतलं. गंमत म्हणजे असल्या नाजूक नावानं काउबॉयच्या गोष्टी कोण विकत घेणार, अशी प्रकाशकांना शंका होती. म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच गोष्टी 'जिम मेयो' या नावानं आल्या. चार कादंबऱ्या 'टेक्स बर्न्स' या नावानं लिहिल्या, हॉपलाँग कॅसिडी या आधीच गाजलेल्या पात्रावर, पैशांसाठी. ती पुस्तकं आपली नाहीतच असं ते पुढे आयुष्यभर म्हणत राहिले.

आता चरित्र थोडक्यात, कारण धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. जन्म १९०८, नॉर्थ डकोटातलं जेम्सटाउन. वडील गुरांचे डॉक्टर. शेतीचे दिवस वाईट आले, बँका बुडाल्या, आणि १९२३ मध्ये घरानं गाव सोडलं. पोरगा पंधरा वर्षांचा. शाळा तिथेच सुटली. मग टेक्ससमध्ये मेलेल्या गुरांची कातडी सोलणं, न्यू मेक्सिकोत गवताच्या गासड्या बांधणं, खाणीत काम, लाकूडतोड, जहाजावर खलाशी, गावोगाव मुष्टियुद्ध. जपान, चीन, बोर्निओ, इजिप्त बघून झालं. या सगळ्या काळात प्रवास कसा? बहुतेक मालगाडीनं. फुकट, चोरून, डब्यात नाहीतर डब्याखाली.

ब्रेकव्हॅन, तुमचे वडील ज्या गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून वाचत होते, तसल्याच गाडीच्या मधल्या डब्यात बसून हा माणूस वाचत होता. पाच-दहा सेंटला मिळणारी, खिशात मावणारी निळ्या कव्हरची पुस्तकं असत, 'लिटल ब्लू बुक्स'. हाती येईल ते वाचायचं. कोणत्या वर्षी काय वाचलं याच्या याद्या त्यांनी ठेवल्या होत्या. मृत्यूनंतर १९८९ मध्ये आलेल्या 'एज्युकेशन ऑफ अ वाँडरिंग मॅन' या आठवणींच्या पुस्तकाच्या शेवटी त्या छापल्या आहेत. त्यांचं वेस्टर्न एकही वाचलं नाहीत तरी चालेल, हे वाचा.

ब्रेकव्हॅन :
पिंपळपान, मालगाडीचं हे माहीत नव्हतं. वडील असते तर म्हणाले असते, 'बिनतिकीट माणसाला उतरवायला हवं होतं.' आणि उतरवलं नसतं.

सडनभक्त :
सगळं ठीक आहे, पण राव, लामूर म्हणजे सडन नव्हे! दोन पिस्तुलं, काळा घोडा, नाव जेम्स ग्रीन. कथानक, विनोद, सूडाची बैठक, सगळ्यात सडन उजवा. शाळेत आमचे दोन गट होते आणि मधल्या सुट्टीत चक्क मारामारी झालेली आहे.

आता मजा ऐका. सडनचा लेखक ऑलिव्हर स्ट्रेंज हा इंग्रज. लंडनमधल्या एका मासिकवाल्या प्रकाशनसंस्थेत नोकरी. पहिली कादंबरी १९३० ची. दुसरे आपले लाडके जे. टी. एडसन, डस्टी फॉगवाले, तेही इंग्रज. सैन्यात कुत्रे शिकवायचे, नंतर पोस्टमनकी केली, आणि टेक्ससवर शंभराच्या वर पुस्तकं पाडली. आपण घोड्यावर कधी बसलेलोच नाही, हे त्यांनी स्वतः मिश्कीलपणे सांगून ठेवलंय. आपल्याकडे ज्यांनी 'वेस्टर्न' वाचलं, त्यांतल्या निम्म्यांनी ते इंग्लंडमधून आलेलं वाचलं!

टवाळकाका :
म्हणजे मुंबईत बसून कोकणावर लिहिणाऱ्यांसारखं.

सडनभक्त :
काका, काडी टाकून पळू नका.

अदिती_स :
या धाग्यावर सगळे काकालोक रमलेत, म्हणून जरा विरुद्ध सूर लावते. माझ्या बाबांच्या कपाटातली आठ-दहा वाचली आहेत. एक वाचलं की सगळी वाचली. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा नायक. गावात येतो. पाणी किंवा जमीन बळकावणारा कोणीतरी मातब्बर. मध्यावर नायक जखमी होऊन डोंगरात लपतो आणि कुठली मुळी उगाळून लावायची हे त्याला बरोब्बर माहीत असतं. शेवटी मुठीची मारामारी, मग पिस्तूल, मग मुलगी. नायक कोण, तर ज्यांची जमीन गेली त्या मूळ लोकांच्या जमिनीवर घर बांधणारा. आणि त्यांना 'शूर शत्रू' म्हणून एक सलाम ठोकला की लेखकाचं काम संपलं. तो सलाम मला शिवीपेक्षा जास्त खुपतो.

वीस कोटींच्या वर प्रती खपल्या, मान्य. वडापावही खपतो.

बोरीबंदर :
वडापावला मधे आणू नका, हे हात जोडून सांगतो.

चिंचपोकळी :
+१ अदिती. आणि त्या गृहस्थांनी एकदा लिहिलेलं परत तपासायचं नाही असा बाणा ठेवला होता म्हणे. वाचताना कळतं. एका पानावर एकच वाक्य दोनदा.

माळरान :
अदितीजी, साच्याबद्दल तुमचं म्हणणं ऐंशी टक्के बरोबर. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी भांडतो.

'होंडो' घ्या. मूळ गोष्ट 'गिफ्ट ऑफ कोचीज', १९५२ मध्ये 'कोलिअर्स' या साप्ताहिकात आलेली. जॉन वेनच्या कंपनीनं चार हजार डॉलरला हक्क घेतले आणि १९५३ मध्ये सिनेमा आणि कादंबरी दोन्ही आलं. नायक पाच वर्षं अपाची लोकांत राहिलेला, बायको अपाची होती, ती वारलेली. तो त्यांच्याकडे बाहेरून बघत नाही. शेवटी त्यांची जगण्याची रीत संपणार हे त्याला कळतं आणि ती रीत चांगली होती असं तो म्हणतो. आता हे आजच्या कसोटीला पुरतं का? नाही पुरत. सैन्य येतं, अपाची हरतात, नायक बाईला घेऊन कॅलिफोर्नियाला जातो, लेखकही त्याच्याबरोबर जातो. मागे राहिलेल्यांचं काय, हे पुस्तक विचारत नाही. पण पन्नासच्या दशकातल्या इतर स्वस्त पुस्तकांत 'इंडियन' म्हणजे गोळी खाऊन घोड्यावरून पडणारा माणूस होता. त्यापुढे हे दोन पावलं तरी आहे.

बायकांबद्दल म्हणाल तर 'कोनाघर' (१९६९) वाचा. एव्ही टील. नवरा गुरं विकत घ्यायला जातो तो परत येत नाही. वाटेत घोड्याखाली सापडून मेलाय, हे वाचकाला माहीत आहे, तिला नाही. सोबत नवऱ्याची दोन पोरं आणि चहूकडे गवत. बोलायला कोणी नाही. मग ती कागदाच्या चिठोऱ्यांवर दोन-दोन ओळी लिहिते आणि वाऱ्यावर घरंगळत जाणाऱ्या वाळक्या झुडपांना बांधून सोडून देते. कोणासाठी? कोणासाठीच नाही. तिकडे कोनाघर नावाचा चाळिशीकडे झुकलेला गडी कुंपणात अडकलेल्या झुडपावर चिठ्ठी बघतो. मग दुसरी. कोणी लिहिलीय त्याला माहीत नाही. पिस्तुलं आहेत, गुरंचोर आहेत, सगळं आहे, पण मला आठवते ती थंडीत चिठ्ठी उलगडणारी त्याची कडक पडलेली बोटं.

अदिती_स :
माळरान, हे वाचलेलं नाही. चिठ्ठ्यांचं ऐकून जरा मऊ पडलेय. जरा.

रानफुल :
चिठ्ठ्या वाचून अंगावर काटा आला. माझी आजी ओट्यावर पीठ सांडलं की त्यात बोटानं काहीतरी लिहायची आणि पुसायची. काय लिहिते विचारलं तर 'काही नाही गं.' अवांतराबद्दल क्षमस्व.

बोरीबंदर :
रानफुल, हे अवांतर नाही.

फार्गोकर :
आत्ताच धागा दिसला. मी जेम्सटाउनपासून दीडेकशे किलोमीटरवर राहतो. भारतातून पाहुणे आले की दाखवायला इथे फारसं काही नाही, म्हणून सगळ्यांना जेम्सटाउनचा गवा दाखवायला नेतो. सव्वीस फूट उंच, साठ टन वजनाचा काँक्रीटचा गवा, १९५९ पासून टेकाडावर उभा. त्याच्या पायथ्याशी जुन्या घरांचं एक छोटं 'गाव' मांडलंय, त्यात लामूर यांच्या नावाची एक खोली आहे. सासरे (निवृत्त, नगर) त्या खोलीत पाऊण तास उभे होते आणि गव्याकडे पाठ करून फोटो काढून घेतला. आम्हाला तोवर माहीतच नव्हतं की ते असलं काही वाचतात.

गावात आल्फ्रेड डिकी नावाचं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. लामूर लहानपणी तिथेच पडीक असायचे, मोठी बहीण तिथे कामाला होती. शाळेनं न दिलेलं सगळं त्या इमारतीनं दिलं, असा त्यांच्या लिहिण्याचा सूर आहे.

आणि एक. इथे लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर सीडीच्या रॅकमध्ये लामूर यांची श्राव्य नाट्यं वर्षानुवर्षं मिळायची. रात्री एकट्यानं गाडी हाकणारा माणूस आणि लूप लाइनवरचा गार्ड, गिऱ्हाईक तेच.

पिंपळपान :
फार्गोकर, शेवटचं वाक्य मी चोरणार आहे.

जुनापुराणा :
कोणीच जी.एं.चं (कुलकर्णी) नाव काढलं नाही? अमेरिकेतल्या रानात घर करणाऱ्यांची गोष्ट मराठीत आली ती त्यांच्या अनुवादांमुळे. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या : 'रान', 'शिवार', 'गाव', शिवाय 'रानातील प्रकाश'. ओहायोतलं जंगल तोडून वस्ती कशी झाली, याची तीन पुस्तकांची मालिका. आधी झाडांचा अंधार, मग शेत, मग गाव, आणि शेवटी म्हातारी झालेली नायिका सेअर्ड झाडं नाहीत म्हणून हळहळते. मूळ तिसऱ्या भागाला १९५१ चं पुलित्झर मिळालं.

लामूर वाचून सुटला असेल तर यानंतर 'रान' घ्या. मग कळेल लामूर कुठे थांबतो ते.

सडनभक्त :
जी.ए. आणि काउबॉय एकाच धाग्यात! हसून हसून पुरेवाट.

जुनापुराणा :
हसू नका. जी.ए. आवडीनं काय काय वाचत, हे कळलं तर तुमचा सडन लाजेल. :)

टवाळकाका :
मी आता खरंच काहीतरी माहिती देतो, नाहीतर मला हाकलाल. 'शालाको' नावाचा सिनेमा आहे, १९६८. लामूर यांच्याच कादंबरीवरून. त्यात काउबॉय कोण, तर शॉन कॉनरी. जेम्स बाँड घोड्यावर. आणि सोबत ब्रिजिट बार्दो. शाळा बुडवून पाहिलाय, कथानक विचारू नका.

याच नावाचं जुन्या वळणाचं एक अख्खं गाव कोलोरॅडोत उभारायचं लामूरांच्या मनात होतं. खोटी गल्ली नाही, खरं गाव. पैशांचं गणित जमलं नाही. इथवर मी आणि लामूर सारखेच.

चिंचपोकळी :
सिनेमाचा विषय निघालाच आहे तर 'होंडो'ला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, सिनेमासाठी मुद्दाम लिहिलेल्या कथेच्या गटात. लामूर यांनी स्वतःच अकादमीला कळवलं, की ही आधी छापून आलेली गोष्ट आहे, या गटात बसत नाही. नामांकन रद्द झालं. माणूस तपासून लिहीत नसेल, पण इथे तपासलं. हे एक मला आवडलं.

पिंपळपान :
उलटी बाजूही सांगतो. जुन्या मासिकांतल्या काही गोष्टींच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालंच नव्हतं. १९८३ मध्ये दुसऱ्याच एका प्रकाशकानं त्या गोळा करून दोन संग्रह काढले. चिडलेल्या लामूर आणि त्यांच्या प्रकाशकानं, बँटमनं, त्याच नावांचे आपले संग्रह घाईनं बाजारात आणले. दुकानात एकाच नावाची दोन पुस्तकं शेजारी! त्याच वर्षी रेगन यांच्या हस्ते अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक, पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक. एकीकडे पदकं, दुसरीकडे तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींसाठी हातघाई.

माळरान :
त्यांचा एक दावा प्रसिद्ध आहे : मी पुस्तकात झरा लिहिला तर तो झरा तिथे आहे आणि पाणी पिण्याजोगं आहे. कोणी पडताळलंय का?

अदिती_स :
झरा असेल. तिथे आधी कोण पाणी पीत होतं, ते लिहिलं का, हा माझा मुद्दा तिथेच आहे.

माळरान :
...ठीक. हा मुद्दा तुमचा.

डॉ_पाटी :
मला वाटतं आपण चुकीच्या पुस्तकांवरून मोजतोय. 'डेब्रेकर्स' (१९६०) बघा. सॅकेट घराण्यावरच्या सतरा कादंबऱ्यांपैकी ही पहिली छापलेली. टेनेसीच्या डोंगरातले दोन भाऊ, टायरेल आणि ओरिन, पश्चिमेला निघतात. वाटेत टॉम संडे भेटतो. शिकलेला, पुस्तकं वाचलेला माणूस. शेकोटीजवळ बसून तो या भावांना लिहायला-वाचायला शिकवतो. पुढे ओरिन गावात वर चढत जातो, टॉम दारूत उतरत जातो. आणि ज्यानं अक्षरं शिकवली त्याच्यासमोर शेवटी टायरेलला पिस्तूल घेऊन उभं राहावं लागतं. समोर खलनायक नाहीच. शाळा सोडावी लागलेल्या लेखकालाच हे सुचू शकतं.

माझे वडील रात्रशाळेत शिकले. त्यांनी हे पुस्तक इंग्रजी सुधारावं म्हणून घेतलं होतं. वाक्यं लहान, डिक्शनरी कमी लागते. आमच्याकडच्या प्रतीत प्रत्येक पानावर चार-पाच शब्दांखाली रेघ आणि समासात मराठी अर्थ. चाळिसाव्या पानानंतर रेघा नाहीत.

ब्रेकव्हॅन :
डॉ_पाटी, तुमची पोस्ट वाचून उठलो आणि पुन्हा पेटी उघडली. आमच्याकडेही आहेत रेघा! माझ्या डोळ्यांना त्या दिसल्याच नव्हत्या, घाण समजलो होतो. 'गल्च' खाली 'घळ'. 'मेसा' खाली 'सपाट माथ्याचा डोंगर, आपला सप्तशृंगचा रस्ता'. आणि 'ब्रेकमन'च्या खाली दोन रेघा आणि नुसतं उद्गारचिन्ह.

सडनभक्त :
साहेब, रद्दीचा विषय संपला ना मग?

ब्रेकव्हॅन :
संपला. बायकोनंच पेटी पुसून हॉलमध्ये ठेवली, वर कुंडी ठेवणार आहे म्हणे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण मिळालं असं नाही, पण वडील काय शोधत असावेत याचा थोडा अंदाज आला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हा धागाच आहे. लेकीनं (अकरावी) 'वॉकिंग ड्रम' उचललंय, बाराव्या शतकातलं, काउबॉय नसलेलं.

पिंपळपान :
तिला आधीच सांगून ठेवा, नायक शेवटी हिंदुस्थानकडे निघतो आणि पुस्तक तिथेच थांबतं. पुढचा भाग इकडे घडणार होता. १९८८ मध्ये लामूर फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले, तो भाग आलाच नाही. माझी तीस वर्षांची चिडचिड आहे, तिची वाचवा.

अदिती_स :
ब्रेकव्हॅन, पेटीत 'कोनाघर' आहे का? वाचून पुढच्या आठवड्यात पोस्टानं परत पाठवते. शिक्का मारून.

ब्रेकव्हॅन :
आहे, पण शेवटची सहा-सात पानंच गायब आहेत. जिथे पुस्तक तुटलंय त्या पानाखाली वडिलांची नोंद आहे, तशीच टाइप करतो : 'वरणगाव. २ तास ४०. पुढील पाने नाहीत. बहुधा लग्न झाले असावे.'

माळरान :
झालं. पण कसं, ते सांगू का?

अदिती_स :
नका सांगू! तुटकंच पाठवा.